पाच सत्तावीसचे सॅमसनकाका

शुक्रवार, कार्तिक उतरतीला. स्थळ: विजय नगर, जबलपूर, सॅमसनकाका नागावकरांचं घर. हजर: सॅमसनकाका, दीना, तिचा नवरा रॉनी, आमचे हे आणि मी. गैरहजर: पहिली कोंबडी.

मी महिला मंडळाची चिटणीस आहे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची सुरुवात हजेरीनं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिली कोंबडी गैरहजर का, ते क्रमानं सांगते. त्यात दोष माझा आहे.

सॅमसनकाका आमचे शेजारी. दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर येतं आणि आरोळी येते, "सेक्रेटरीबाई, आज पाच सत्तावीस!" पुढच्या आठवड्यात पाच पंचवीस. उन्हाळ्यात सात वाजायला येतात. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, कुठली तरी गाडी सुटायची वेळ असावी. ती सूर्यास्ताची वेळ असते. काका यहुदी आहेत, मूळचे अलिबागकडचे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, स्कूटर नाही, लिहिणं नाही. बटण दाबणंसुद्धा नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांनी शुक्रवारची कुकरची वेळसुद्धा त्यांच्या आरोळीवर बसवली आहे.

काका रांझीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. आयुष्यभर लोखंडाचे तुकडे गेज लावून मापले आणि दोनच शब्द बोलले: पास आणि रिजेक्ट. निवृत्त झाले तरी शब्द निवृत्त झाले नाहीत. माझा चहा पास. आमच्या ह्यांचा नवा शर्ट रिजेक्ट. मंडळाच्या हळदीकुंकवातला माझा उखाणा त्यांनी भिंतीपलीकडून ऐकला आणि तिथूनच राखून ठेवलेला तिसरा शब्द ओरडले, "रीवर्क!" म्हणजे पुन्हा करा.

मासळीबाजारात तर त्यांची कीर्ती आहे. बरगी धरणाचे मासे घेऊन बसणारा भैया त्यांना लांबून पाहिलं की हात जोडतो. ज्या माशाला खवले नाहीत, तो काकांना चालत नाही. पण म्हणून खवल्याच्या माशावर तरी विश्वास ठेवावा! खिशातून भिंग निघतं.

"भैया, खवले दाखव."

"दादा, रोहू है, रोहू! पूरे शहर को मालूम है."

"शहर को मालूम होगा, हमको दिखाओ."

आणखी एक सवय. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काका अंगणात बसून एक लांब, टोक नसलेली सुरी दगडावर घासत. मग तिची धार नखावरून हळूच फिरवत. एकदा, दोनदा, बारा वेळा. बारीकसा दातरा लागला की पुन्हा घासायची. शेवटी "पास" म्हणत आणि सुरी कापडात गुंडाळून आत नेत. त्या सुरीनं काकडीही कापलेली मी सहा वर्षांत पाहिली नाही. कारखान्यातल्या माणसाला हाताला चाळा लागतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

काकू, म्हणजे रेबेकाकाकू, सहा वर्षांपूर्वी, आम्ही इथे राहायला यायच्या थोडं आधी गेल्या. तेव्हापासून काका दोन अंडी, वरण आणि खवल्याचा मासा यांवर होते. अधूनमधून मी डबा देते. त्यासाठी माझ्या वहीत त्यांच्या खाण्यापिण्याचे सात नियम लिहिलेले होते. सातही मला पाठ होते. आठवा आहे, हे मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आले आणि भिंतीवर दोन्ही हात आपटले.

"सेक्रेटरीबाई! बाजारात एक बाई होती. भैयाला म्हणते, खवले दाखव!"

"मग?"

"मग काय मग? जबलपुरात खवले मागणारा मी एकटा! मी विचारलं, बेटा, आडनाव काय? म्हणाली, किहीमकर. अलिबागच्या बाजूला किहीम! आपली मुलगी!" मासा घ्यायचं ते विसरून आले होते.

ती दीना. नवऱ्याची बदली झाली म्हणून ठाण्याहून नुकतीच आलेली. दोघांना इथे करमत नव्हतं आणि शुक्रवारची संध्याकाळ तर भलतीच लांब वाटत होती. काकांनी त्यांना शब्बाथच्या जेवणाला बोलावलं. आम्हालाही. "तुमचा चातुर्मास संपू दे म्हणून दोन आठवडे थांबलो," म्हणाले. आमचा चातुर्मास आमच्या ह्यांच्याही लक्षात नसतो.

बेत ठरला. रेबेकाकाकूंचं कोंबडीचं हिरवं कालवण. काकांना वेळापत्रक हवं होतं, ते मी केलं.

शुक्रवारी सकाळी काका ती सुरी घेऊन रांझीला गेले. तिथला एक कोंबडीवाला त्यांचा जुना ओळखीचा. तेवढाच एक जण त्यांना स्वतःच्या हातानं, त्यांच्या पद्धतीनं, प्रार्थना म्हणून कोंबडी कापू देतो. काकांना ते वडिलांनी शिकवलेलं. घरी आणून त्यांनी कोंबडी पाण्यात ठेवली, तासभर मिठात ठेवली, रक्ताचा अंश राहू नये म्हणून तीनदा धुतली. मग त्यांच्या लक्षात आलं की नारळ एकच आहे.

"सेक्रेटरीबाई, जरा हिच्याकडे लक्ष ठेवा. मांजर फिरते आहे," म्हणून ते स्कूटरवर गेले.

मी पातेल्याचं झाकण उघडलं. आत कोंबडी नुसती पडलेली. ना हळद, ना आलं-लसूण. मी नागपूरची माहेरवाशीण. आमच्याकडे कोंबडीला दोन तास दह्यात मुरवल्याशिवाय चुलीचं तोंड दाखवत नाहीत. मला वाटलं, म्हातारा माणूस, सहा वर्षांनी करून राहिला, विसरला बिचारा. घरून वाटीभर घट्ट दही आणलं, हळद-तिखट घातलं, छान चोळून ठेवलं. वहीत लिहिलंसुद्धा: मुरवणे, झाले.

काका सव्वाला आले. त्यांनी झाकण उघडलं. बोटानं दही चाचपलं.

"हे काय आहे?"

"दही. काहून, तुमच्याकडे नाही लावत?"

ते स्टुलावर बसले. रिजेक्टसुद्धा म्हणाले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

"मांस आणि दूध," ते हळूच म्हणाले, "आमच्यात एकत्र होत नाही, बाई. दही नाही, तूप नाही. तुमची चूक नाही. मी कधी सांगितलंच नाही."

हा आठवा नियम. सहा वर्षांत त्यांच्या घरी मांस आलंच नव्हतं, तर कळणार कसा?

"राहू दे," काका म्हणाले. "त्यांना फोन करून सांगतो. पुढे बघू कधीतरी." पण फोनकडे हात जात नव्हता. सकाळपासून त्यांनी पाच ताटं दोनदा पुसली होती.

मला रडू येणार होतं, पण रडायला वेळापत्रकात जागा नव्हती. मी वही उघडली. "काका, गॅस किती वाजता बंद झाला पाहिजे?"

"पाच नऊ. दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी."

मी उलटं मोजत गेले. शिजायला पस्तीस मिनिटं. धुवायला पाच. मीठ एक तास. "तास म्हणजे तासच का?"

"तासच."

पाण्यात अर्धा तास. म्हणजे तीनच्या आत कोंबडी घरात हवी. "रांझीहून यायला पस्तीस मिनिटं. उठा काका. चलो. दोन वाजता तुम्ही तिथे असले पाहिजेत. आणि पिसं कोरडीच काढायची, गरम पाणी नको, असं तुम्हीच म्हणत होतात ना सकाळी? त्याला वीस मिनिटं."

काकांनी माझ्या हातातली वही घेतली, ओळी बोटानं मोजल्या. मग सुरी उचलली, नखावरून फिरवली.

"पास," म्हणाले आणि गेले.

दह्यातली कोंबडी मी आमच्या घरी नेली. जाता जाता काकाच म्हणाले होते, "टाकू नका. तुम्ही खा."

ते दोन अठ्ठावन्नला परत आले. पुढे सगळं घड्याळावर. साडेतीनला मीठ लावून झालं आणि मग तासभर करण्यासारखं काही उरलं नाही. मी कोथिंबीर-मिरची वाटत होते, काका नारळाचं दूध पिळत होते. मी विचारलं, "काका, सुरी दर महिन्याला घासता, कापता येतं, तो कोंबडीवाला आहे. मग सहा वर्षं काहून नाही आणली?"

काकांनी फडक्यातला चोथा पुन्हा पिळला. त्यात काही राहिलं नव्हतं.

"एकट्या माणसाच्या जेवणासाठी जीव घ्यायचा? रिजेक्ट. कोंबडी शब्बाथला, पाहुणे असतील तर. आमच्या हिचा नियम."

"मग सुरी?"

"पाहुणे काय सांगून येतात?"

मी मिरची वाटत होते, म्हणून डोळ्यांना पाणी आलं, असं आम्ही दोघं धरून चाललो.

चार पस्तीसला पातेलं गॅसवर चढलं. पाच वाजता दीना आणि रॉनी आले. हातात हलव्याचं ताट.

"दूध?" काकांनी दारातच विचारलं.

"नारळाचं, काका."

"पास!"

पाच आठला काकांनी गॅस बंद केला. मी झाकण उघडायला गेले तर माझा हात अडवला. रेबेकाकाकूंचा काचेचा दिवा फळीवरून खाली आला. तेल, वात तयार. सहा वर्षं तो काकाच लावत होते. आज त्यांनी काडेपेटी दीनासमोर धरली.

"मला नीट येत नाही," ती म्हणाली. "आजी लावायची."

"मी सांगतो. तू लाव. हे बाईचं काम."

तिनं वात लावली, डोळ्यांवर हात घेतले आणि काकांच्या मागून शब्द म्हणत गेली. काका तिच्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघून म्हणत होते. तिथे काकूंचा फोटो आहे.

काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला फिरला, पावाचा तुकडा मिठाला लावून प्रत्येकाच्या हातात आला. मग कालवण. काय सांगू? कोथिंबिरीचा हिरवा रंग, नारळाचा गोडवा आणि मागून येणारी मिरची. आमचे हे, जे माझ्या स्वयंपाकाला "ठीक आहे" यापलीकडे काही म्हणत नाहीत, तिसऱ्यांदा पातेल्याकडे बघू लागले. काकांनी पहिला घास घेतला. आम्ही चौघं थांबून राहिलो.

"मीठ जरा कमी," म्हणाले. "पण पास."

दीनानं विचारलं, "काका, ह्याची कृती सांगा ना."

काका खुलले. आधी सुकं खोबरं नाही, ओलं. मग कढीपत्ता, पण कधी... मी पिशवीतून पेन्सिल काढली.

"सेक्रेटरीबाई! शब्बाथ लागला. या घरात आता लिहिणं नाही."

"मग उद्या रात्री? रविवारी?"

"रविवारी कालवण समोर नसेल तर मला आठवणार कसं? ताटावर बसलं की आठवतं. पुढच्या शुक्रवारी या. सगळे या. सांगतो."

पुढच्या शुक्रवारी गेलो. त्यांनी सांगायला घेतलं, लसणापर्यंत आलो तर रॉनीला काही तरी विचारायचं होतं, पुढचं राहून गेलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो. घरी येईपर्यंत दीनाला एक आठवतं, मला दुसरं, आणि दोन्ही जुळत नाहीत. परवा सकाळी आठ वाजता भिंतीवर डोकं आलं. "आज पाच चोवीस! पाच ताटं पुसून ठेवली आहेत!"

माझ्या वहीत त्या महिन्याच्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा आहेत. एकच ओळ तशीच आहे: रेबेकाकाकूंचं हिरवं कालवण, कृती लिहून घेणे.