न प्यालेल्या कॉफीचे दोन पेले

मृत समुद्राच्या चिखलाने सासूबाईंचे गुडघे बरे होतात, हे शुक्रीला त्या शुक्रवारी सकाळी अचानक पटलं. गेली अकरा वर्षं पटलं नव्हतं. खरं कारण दाराबाहेर उभं होतं: लाल रंगाची, दोन दारांची, जुनी इटालियन स्पोर्ट्‌स कार. ती चढावर उकळायची, आणि अम्मान शहरात चढ सोडून दुसरं आहे काय?

त्याची बायको वजदान हिने आदल्या दिवशी निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता एकदा जरी वाटेत उकळली, तर सरळ माझ्या भावाला देऊन टाकायची. तैसीर कधीचा मागतोय."

"मृत समुद्रापासून घरापर्यंत सगळा चढ आहे," शुक्री छाती काढून म्हणाला. "तेवढा चढ न उकळता चढवून दाखवली, तर विकायचा विषय बंद. मावशींना साक्षीला घेऊ!"

मावशी म्हणजे सासूबाई, उम्म तैसीर. तैसीरची आई. म्हणजे पंच मुळातच प्रतिपक्षाचा. (हे शुक्रीच्या ध्यानात आलं तेव्हा पंच पुढच्या सीटवर बसून सीट मागेपुढे करत होते.)

शुक्री पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. कुठल्या मोहल्ल्याला पाणी कधी सुटणार हे त्याला झोपेत विचारा. स्वतःच्या गाडीचं पाणी कुठे जातं, तेवढं कळत नव्हतं. सहा महिन्यांत त्याने थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर दोनदा धुतला, मेकॅनिक तीनदा बदलला. पंख्यावर मात्र कधीच संशय घेतला नाही. पंखा नवा कोरा होता आणि खुद्द शुक्रीने हिवाळ्यात स्वतःच्या हाताने बसवला होता.

"मी चालवू का?" निघताना वजदानने विचारलं. ती रोज औषधांची व्हॅन शहरभर फिरवते.

"अगं, हिचं मन ओळखावं लागतं," शुक्री म्हणाला. वजदान गुडघे हनुवटीला लावून मागच्या नावापुरत्या सीटवर बसली.

उतरताना गाडी गाईसारखी गरीब होती. सासूबाईंनी चिखल लावला, आंघोळ केली, खजूर खाल्ले आणि "गुडघे मुलीसारखे झाले" असं जाहीर केलं. मग दुपारच्या बारा वाजता, बेचाळीस अंशांत, चढ सुरू झाला.

तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा हलला. शुक्रीने कुणाला कळू न देता गाडीतला हीटर पूर्ण सोडला.

"या अल्लाह! हे काय?" सासूबाई ओरडल्या.

"इंजिनाची उष्णता आत घेतोय, मावशी. तेवढाच तिला आराम."

"ताप तिला आणि काढा मी प्यायचा?"

"शुक्री, माझ्या चपला वितळताहेत," मागून वजदान म्हणाली.

सातव्या वळणावर बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. डाव्या हाताला एका पोल्ट्रीचं फाटक होतं. तिथे गाडी थांबली. पैज संपली होती.

इंजिन बंद केलं तरी पंखा घरघरत होता. सासूबाईंना राहवलं नाही. कितीही झालं तरी त्यांनी सहा पोरांचे ताप काढले होते. त्यांनी आपला ओला टॉवेल तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा गाडीच्या पुढच्या जाळीवर ठेवला. टॉवेल धप्पकन समोर मातीत पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला.

"वारं आहे, मावशी," शुक्री म्हणाला. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

पोल्ट्रीचा मालक अबू जियाब पाण्याचा डबा घेऊन आला. पण दारात आलेल्या पाहुण्याला नुसत्या पाण्यावर कोण सोडतो? पाच मिनिटांत सगळे सावलीतल्या सतरंजीवर होते आणि वेलचीची कडू कॉफी आली. उम्म तैसीरनी पेला घेतला आणि तोंडाला न लावता समोर ठेवला.

शुक्रीचा चेहरा उतरला. भरला पेला खाली ठेवला म्हणजे मागणी आहे, आणि यजमानाने नाही म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांची अब्रू जाते.

"प्या, उम्म तैसीर," अबू जियाब गंभीरपणे म्हणाला. "जे मागाल ते दिलं."

"या माणसाने या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही."

"दिलं."

त्यांनी कॉफी एका घोटात संपवली. शुक्रीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि स्वतःचा भरला पेला ठक्‌कन खाली ठेवला.

"माझीपण मागणी आहे! गाडी माझ्याच घरी राहावी." त्याचा आवाज चिरकला. "याच गाडीतून मी हिला लग्न करून आणलं. त्या दिवशी एकदाही उकळली नव्हती हो!"

"त्या दिवशी मी उकळत होते," वजदान म्हणाली, पण हसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवलंही नाही.

अबू जियाबने डोक्याला हात लावला. एक शब्द देऊन बसलेला, दुसरी मागणी समोर, कॉफी निवत चाललेली.

"कशाला हवी असली कृतघ्न गाडी?" सासूबाई चिडल्या. "मायेने ओला टॉवेल ठेवला, तर तोंडावर फेकला माझ्या!"

अबू जियाबची मान ताठ झाली. "फेकला? समोर?"

तो उठला, शुक्रीकडून किल्ली घेऊन फिरवली आणि टॉवेल जाळीसमोर धरला. टॉवेल निशाणासारखा बाहेर फडफडू लागला.

"पंख्याने बाहेरची हवा आत ओढायची असते," तो म्हणाला. "हा आतली गरम हवा बाहेर ढकलतोय. गाडी चढणार पुढे, हवा येणार समोरून, आणि दोघांची मध्येच मारामारी! तारा उलट्या जोडल्यात. माझ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये एका अर्धवटाने हेच केलं होतं. इथे कुठल्या गाढवाने केलं?"

शुक्री अतिशय लक्षपूर्वक कोंबड्या पाहू लागला.

"अल्लाह त्या गाढवाला अक्कल देवो," अबू जियाब म्हणाला.

"आमीन," वजदान म्हणाली.

तारा बदलायला चार मिनिटं लागली. टॉवेल जाळीला घट्ट चिकटला.

"पी आता," अबू जियाब शुक्रीला म्हणाला. "गाडी तुझ्याच घरी राहील. दिलं. पण उम्म तैसीरना दिलेला शब्दही शब्दच."

शुक्री गार झालेली कॉफी प्यायला. वजदानने किल्लीसाठी हात पुढे केला.

उरलेला सगळा चढ ती गाणं गुणगुणत, एका हाताने गाडी चालवत चढली. काटा मधोमध, जागचा हलला नाही. मागच्या सीटवर, गुडघे कानाला लावून, अबू जियाबने भेट दिलेला तीस अंड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन शुक्री बसला होता. गाडी अशी पळू शकते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला आनंद झाला होता, आणि तो कुणाला दिसू नये एवढीच त्याची इच्छा होती.

घरासमोर तैसीर आशेने उभा होता. बहीण उतरली, आई उतरली. दोघी टॉवेल झटकत जिन्याकडे निघाल्या. अंड्यांचा ट्रे धरून शुक्री मागेच बसून राहिला.

"हा का उतरत नाही?" तैसीरने विचारलं.

"पुढची सीट तू वाकव आणि काढ त्याला बाहेर," उम्म तैसीर मागे न बघता म्हणाल्या. "त्याने गाडीला हात लावायचा नाही असं ठरलंय."