शिक्षणाधिकाऱ्याचं स्थळ

धरणगावच्या लोटनभाऊंकडे रविवारी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता, आणि पाहुण्यांच्या आधीच घरात अर्ध्या जिल्ह्याचे मास्तर येऊन बसले होते. सगळे नात्यातलेच. मुलगा शिक्षणाधिकारी आहे ही बातमी फुटली होती ना! शिक्षणाधिकारी घरचा जावई होतोय म्हटल्यावर घरी झोपून राहील असा मास्तर अजून जन्मायचा आहे.

लोटनभाऊंची मोहिनी स्वतः शिक्षिका. यावलच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर तिची शाळा. बस पायथ्याशी सोडून देते, पुढे चढण. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, आणि आज किती मुलांनी खिचडी खाल्ली हे रोज कळल्याशिवाय सरकारला घास गोड लागत नाही. म्हणून मोहिनी रोज एका खडकावर चढून खिचडीची बातमी देई. दर वर्षी बदली मागून ती रडकुंडीला आली होती. शेवटी एकदा चिडून म्हणाली, "माझी बदली करील त्याच्याशी लग्न करीन!" लोटनभाऊंनी तेवढं वाक्य मनावर घेतलं.

मध्यस्थ वनाआबांनी देवपूरचं स्थळ आणलं. "पोऱ्या शिक्षणाधिकारी शे. क्लास वन!" एवढं ते फोनवर बोलले, आणि त्यापुढे कोणी काही विचारलंच नाही.

ललित आला. केस बारीक, पाठ ताठ, सोबत आई सुंदरबाई. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच लोटनभाऊंचे धाकटे भाऊ प्रेमराजकाका सरसावले. काकाही मास्तरच. पण आधी कसलंसं सर्वेक्षण आणि मग मतदारयाद्या, त्यामुळे वर्गात शेवटचं कधी गेलो हे त्यांनाही आठवत नव्हतं.

"साहेब, किती शाळा तुमच्या हाताखाली?"

"शाळा नाही, युनिट असतं."

"हां, युनिट टेस्ट! आणि पट?"

"आठशेच्या आसपास."

"हजेरी?"

"पूर्ण. न सांगता कोणी गेलाच तर पकडून आणतात."

मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. काय हा दरारा! काकांनी आवाज खाली आणला. "पोषण आहार?"

"रेशन ना? चांगलं असतं. दूध, अंडी, मटण."

काकांना पोह्यांचा ठसका लागला. लोटनभाऊंनी घाईने मुद्द्याला हात घातला. "बदल्या तुमच्याच सहीने होतात का?"

"छे हो. त्या दिल्लीहून होतात."

"दिल्लीहून!" काका भावाच्या कानात पुटपुटले. "आणि आपण इथं कारकुनाच्या पाया पडतोय!"

एव्हाना एक मावसभाऊ आपला बदलीचा अर्ज घडी करून, दारातल्या ललितच्या बुटात सरकवून आला होता. तेवढ्यात मोहिनी चहा घेऊन आली. ललितला ती आवडली. बेहद्द आवडली. साखर नको म्हणायचंही तो विसरला. आत स्वयंपाकघरात जेवणाच्या बट्ट्या तुपात पडायला लागल्या.

सगळं जमत आलं होतं, पण काकांना राहवेना. "एक सांगा साहेब, मास्तर शिकवत नसतील तर कारवाई काय करता?"

"कारवाई कसली? मीच शिकवतो. गणित, इंग्रजी, नकाशा वाचायला."

"तुम्ही? वर्गात उभं राहून?"

"रोज."

काका ताडकन उठले. "दादा, हा शिक्षणाधिकारी नाही! तोतया आहे तोतया!"

"काय बोलताय?" ललितही उठला. "कॅप्टन आहे मी. सैन्याच्या शिक्षण शाखेत."

"मना पोऱ्या जवानेसले शिकाडस!" सुंदरबाई कडाडल्या.

"म्हणजे बदल्या नाहीत? चौकशा नाहीत? मान्यता देणं नाही?" काकांनी विचारलं. "नुसतं शिकवता?"

'मुलगा दारू पितो का?' असं विचारावं, तसा त्यांचा सूर होता. ललितने 'हो' म्हणून मान हलवली. सगळे वनाआबांकडे वळले.

"मी काय खोटं बोलनू?" वनाआबा म्हणाले. "तो शिक्षण देस, अन् अधिकारी बी शे. बठ्ठं खरं शे!"

मास्तर एकेक करून चपला शोधू लागले. लोटनभाऊंनी आत पाहून बट्ट्या थांबवायची खूण केली आणि हात जोडले. "बरं मग. कळवतो आम्ही." मुलीचा बाप 'कळवतो' म्हणाला की काय कळायचं ते सुंदरबाईंना कळलं. त्यांनी पदर खोचला आणि मुलाचा हात धरला.

"थांबा!" मोहिनी पुढे आली. "तुम्ही शिकवत असाल, पण सरकारी कागदावर सैनिकच ना?"

"म्हणजे काय! वर्दी तीच, गोळीबाराची परीक्षाही तीच."

"मग बाबा, झाली की बदली!" तिला नियम तोंडपाठ होते. "सैनिकाच्या बायकोला बदलीत पहिला नंबर असतो. मोठं दुखणं असलेल्यांच्या रांगेत बसवतात तिला!"

"म्हणजे मी दुखणं?" ललित म्हणाला.

"सरकारच्या हिशेबाने हो."

मास्तरांच्या पायांतल्या चपला पुन्हा निघाल्या. बट्ट्या पुन्हा तुपात पडल्या. लोटनभाऊंचे डोळे खरोखर भरून आले, आणि त्यांनी जावयाला मिठी मारली. प्रेमराजकाकांनी तर लगेच विचारलं, "कॅप्टनसाहेब, तुमच्या पलटणीत लग्नाचं आणखी कोणी आहे का? माझ्या दोघी मुलीही पाड्यावरच्या शाळांतच आहेत."

ललित मात्र गोंधळला होता. मोहिनी जरा बाजूला आल्यावर त्याने हळूच विचारलं, "पण लग्नानंतर तुम्ही माझ्यासोबत याल ना? पोस्टिंगला?"

"तिकडे कशाला?" मोहिनी म्हणाली. "मला तर यावलच्या स्टँडसमोरची शाळा मिळतेय!"

"आणि मी?"

मोहिनीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिला तो बराच बरा वाटला.

"तुम्ही तिकडे शिकवा की," ती म्हणाली. "घरात इतके मास्तर. एकाने तरी शिकवायला नको का?"