परक्या हाताची मूठ

चष्मेवाल्याच्या कपाटात एक्केचाळीस चाकू होते आणि त्यांतल्या एकानेही त्याच्या घरात आजवर काही कापले नव्हते. सगळे मिटते, खिशात मावणारे आणि जुने. कुणी साठीचा, कुणी शंभरीचा. प्रत्येकाला राहायला चष्म्याचे एकेक जुने घर दिलेले. रविवारी सकाळी तो एकेकाला उठवी, पाते उघडताना होणारा ‘टक्’ कान देऊन ऐके, मूठ मऊ फडक्याने पुशी आणि पुन्हा निजवी. मुठी तरी किती तऱ्हेच्या. एक म्हशीच्या शिंगाची, काळी, आत धुराची रेघ असलेली. एक शिंपल्याची, खिडकीकडे धरली की पाण्यासारखी हलणारी. एक अक्रोडाच्या लाकडाची, आणि तिच्यावर कुणीतरी फुरसतीत कोरलेली मुंग्यांची रांग.

“घरात एक्केचाळीस चाकू,” त्याची बायको म्हणे, “आणि दोरा तोडायचा तर मी दातानं तोडते.”

यावर तो मूठ पुशीत राही. आवडत्या गोष्टीची चेष्टा ऐकून घेणे हा त्या गोष्टीच्या देखभालीचाच एक भाग आहे, असे तो मानी.

बेचाळिसावा चाकू मात्र तीन वर्षे मुठीवाचून होता. जुन्या सामानाच्या ढिगात त्याला तो उघडाच सापडला होता: एक पाते, पाठीची पोलादी पट्टी आणि दोन पितळी पत्रे. पात्याच्या मुळाशी कारागिराचा शिक्का होता, तांदळाएवढे एक पान. असली धार आणि असला घाट त्याने पुन्हा पाहिला नव्हता. त्याला साजेशी मूठ करील असा माणूस गावात एकच होता आणि त्या माणसाकडे तीन वर्षांची रांग होती.

सगळे त्यांना मुठीवाले म्हणत. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची एक खोली होती, साठ वर्षांचा भुसा अंगावर घेतलेली. त्यांची रीत न्यारी होती. ते कुणाच्या हाताचे माप घेत नसत. गिऱ्हाइकाला मेणाचा एक गोळा देत आणि घरी पाठवत. गोळा कोमट पाण्यात मऊ करायचा, मन निवांत असेल तेव्हा चाकू धरल्यासारखा मुठीत धरायचा, सोडायचा, सावलीत ठेवायचा. मग फडक्यात गुंडाळून आणून द्यायचा, पण बघायचा नाही.

“इथं माणसं मूठ आवळतात ती मला दाखवायला,” ते म्हणाले. “हात घरीच खरा असतो. आणि बघाल तर दुरुस्त करावंसं वाटेल. म्हणून बघायचं नाही.”

हेही सांगितले की ही शेवटचीच मूठ. पुढच्या महिनाअखेरीला ते हत्यारे गुंडाळून लेकीकडे राहायला जाणार होते, आणि लेकीच्या घरी भुसा चालत नाही.

चष्मेवाल्याने निवांतपणाची चार दिवस वाट पाहिली. निवांत व्हायचे म्हणून इतका प्रयत्न करावा लागतो हे त्याला ठाऊक नव्हते. शेवटी गुरुवारी सकाळी आंघोळ झाली, ऊन खिडकीत आले, बायको स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती, आणि त्याला वाटले, आता. त्याने गोळा धरला, सोडला, खिडकीच्या कट्ट्यावर, सावलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि दुकानात गेला. संध्याकाळी येऊन डोळे मिटून तो फडक्यात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. दुसऱ्यांची नजर तपासण्यात जन्म गेलेला माणूस, स्वतः मात्र डोळे मिटून राहिला. जे पुढे झाले ते या आज्ञाधारकपणामुळे झाले.

पंधरा दिवसांनी चाकू आला. शिसवी मूठ, गडद, आत तांबूस लाटा, पितळेचे तीन ठिपके. आधी त्याने तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. मग त्याने तो हातात धरला.

अंगठ्याला जिथे खळगा हवा तिथे उंचवटा. करंगळीसाठी एक खोल चर, आणि त्याची करंगळी काही तिथवर पोचेना. परक्याच्या चपलेत पाय घातल्यावर पायाला जे वाटते ते त्याच्या हाताला वाटले.

आधी त्याने दोष स्वतःच्या हाताला दिला. तीन दिवस तो हात गरम पाण्यात बुडवून बसला, रबराचा चेंडू दाबत राहिला, जेवताना करंगळी ताणू लागला. बायकोने विचारले, हाताला काय झाले. तो म्हणाला, हात चुकतोय. पन्नाशीनंतर माणसाचे काय काय चुकू लागते याची तिला थोडी कल्पना होती; तिने जास्त विचारले नाही.

चौथ्या दिवशी तो मुठीवाल्यांकडे गेला. त्यांनी फळीवरून तो मेणाचा गोळा काढला, चाकूशेजारी ठेवला. खाच तशी खाच, उंचवटा तसा उंचवटा. मग त्यांनी चष्मेवाल्याचा हात हातात घेतला आणि गोळ्यावर टेकवला. बोटे कुठेच बसेनात.

“मूठ चुकली नाही,” ते म्हणाले. “हा हातच तुमचा नाही.”

चष्मेवाला आपल्या हाताकडे बघत राहिला.

मुठीवाले पुढे म्हणाले की लाकूड कमी करता येते, वाढवता येत नाही. मूठ तासून चष्मेवाल्याच्या हाताजोगी होईलही, पण आधी हा हात कुणाचा ते त्यांना बघायचे आहे. साठ वर्षांत त्यांनी अनोळखी हाताला मूठ केली नव्हती आणि शेवटची तरी तशी ठेवून ते जाणार नव्हते. तो हात घेऊन या, मग तासतो. मात्र महिना संपायला दोन आठवडे उरलेत.

चष्मेवाला घरी आला तो शोध घेत. पहिली पाळी बायकोची. तिच्या हातात ती मूठ अशी दिसली की लहान मुलीने आईचे पातेले उचलले आहे. तिने एवढेच कबूल केले की त्या दिवशी तिने कट्टा पुसला होता, गोळ्याच्या भोवतीने. मग कोण कोण आले होते ते तिने आठवले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई पुस्तक परत द्यायला आल्या होत्या.

तो तडक वर गेला. बाईंनी दार उघडले. त्याने खुलासा करण्याआधीच, उतावीळपणात, “जरा हात द्या” म्हणून चाकू त्यांच्या तळव्यावर ठेवला. बाईंची तीन बोटे खडू धरल्यासारखी त्यावर आली. त्यांचा हात नव्हता हे उघडच झाले. पण तोवर छत्तीस वर्षांची सवय जागी झाली होती. बाईंनी चाकू उलटसुलट पाहिला, टेबलाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावले.

“उद्या घरच्यांना घेऊन या,” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी बायकोला वर जावे लागले. ती अर्ध्या तासाने चाकू घेऊन उतरली. बाईंनी तिला सांगितले होते की मुलगा मूळचा वाईट नाही, पण घरी लक्ष कमी पडते.

तिथे थांबता आले असते. पण दिवस कमी उरले होते आणि चष्मेवाल्याच्या दुकानात दिवसाला वीस हात येत. त्या गुरुवारी घरी येऊन गेलेल्यांत त्याच्या गिऱ्हाइकांपैकीही कुणी असेल, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. गिऱ्हाईक खुर्चीत बसले, एक डोळा झाकून अक्षरे वाचू लागले, की तो हळूच म्हणे, “हे जरा धरा.” चाकू मिटलेलाच असे, पण एका डोळ्याने तेवढे दिसत नाही. एका पोस्टमास्तराने तर भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यांत खालची ओळ, जी गेली सहा वर्षे त्याला दिसत नव्हती, ती चष्म्याशिवाय घडाघडा म्हणून दाखवली आणि तो निघून गेला. बाजारात दोन बातम्या पसरल्या. एक, चष्मेवाल्याचे डोके फिरले आहे. दुसरी, त्याच्याकडे गेले की एका बैठकीत नजर सुधारते. दुसरीमुळे त्याचा धंदा जास्त बसला.

रविवारी दुपारी बायकोने जेवणाची तीन ताटे घेतली, मग एक उचलून परत ठेवले. त्या ताटाकडे बघता बघता तिच्या मनात काहीतरी जुळले.

“अहो,” ती म्हणाली, “तो तीन आठवडे आला नाही.”

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. इस्त्र्या, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा, आणि दर रविवारी न बोलावता जेवायला यायचा. त्यालाही चाकूंचे वेड होते, पण उलट्या अंगाचे. त्याच्याकडे दोनच चाकू होते आणि त्यांनी तो वायर सोलायचा, दोऱ्या कापायचा, डबे उघडायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने भावोजींच्या शिंपल्याच्या मुठीच्या चाकूने पार्सल फोडायला घेतले होते आणि भावोजींनी तो ऐनवेळी हिसकावला होता. तेव्हापासून कपाटाला कुलूप होते आणि दोघांत बोलणे फक्त हवापाण्याचे.

त्या गुरुवारी तो दुरुस्त झालेली इस्त्री द्यायला आला होता. बायको ते विसरली होती, कारण भाऊ येणे हे कुणी येणे नसते.

फोन गेला. अर्ध्या तासाने मेहुणा दारात उभा राहिला, चपला न काढता. चष्मेवाल्याने नुसता चाकू पुढे केला. मेहुण्याने तो घेतला, आणि मूठ त्याच्या हातात अशी बसली, जशी लेक माहेरी येऊन बसते: पाय पसरून, काही न विचारता.

मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, “वारा होता ताई. खिडकी लावायला गेलो आणि माझ्या कोपरानं गोळा खाली पडला. चपटा झाला पार. मला वाटलं, भावोजी आता मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. म्हणून परत मऊ केला आणि धरला. चाकू कसा धरतात ते मला येतं ना.”

“मग सांगायचं नाही का तेव्हाच?” चष्मेवाला म्हणाला.

“सांगणारच होतो. संध्याकाळी परत दाराशी आलो, तर तुम्ही डोळे मिटून तो गुंडाळत होतात. मला वाटलं, रागानं मिटलेत. तसाच मागे फिरलो.”

बायको आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, तेव्हा दोघांना कळले की ती हसते आहे.

सोमवारी दोघे मुठीवाल्यांकडे गेले. म्हाताऱ्याने मेहुण्याला चाकू धरायला सांगितले, त्याचा हात उजेडाकडे वळवला, आणि ते बघत राहिले. मग त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे कानस उचलली. आणा, म्हणाले, तासतो.

चष्मेवाल्याने मात्र चाकू घेतला नाही. तोही बघत होता. तीस वर्षे तो नाना चाकू हातात धरून पाहत आला होता, आणि हातात धरला की मूठ आपल्याच बोटांखाली झाकते. आज पहिल्यांदा त्याला चाकू धरलेला दिसत होता. शिसवीची तांबूस लाट मेहुण्याच्या अंगठ्याखालून निघून मनगटाकडे जात होती, जणू ती लाकडाची नव्हती, त्या हाताचीच शीर होती. त्याला वाटले, हे तासायचे म्हणजे गाणे मध्येच तोडून आपल्या आवाजात लावायचे.

“राहू द्या,” तो म्हणाला. “चाकू माझा. हात याचा. याला रविवारी बोलावता येतं.”

“मी येईन,” मेहुणा म्हणाला. “पण नुसता धरून बसणार नाही. कापायला काहीतरी लागेल.”

चष्मेवाल्याने मान हलवली.

मुठीवाल्यांनी कानस खाली ठेवली. महिना संपायला अजून नऊ दिवस होते आणि हात रिकामे होते. त्यांनी फळीवरून मेणाचा नवा गोळा काढला, कोमट पाण्यात टाकला आणि चष्मेवाल्याला म्हणाले, आता इथेच धरा, आज तुमचा हात खरा दिसतो आहे. त्याने धरला. त्यांनी गोळा घेतला, ठशांवरून बोट फिरवले आणि हसले.

“हा चाकू धरणारा हात नव्हेच. दोन बोटं आणि अंगठा, तोही हलका. दिवसभर काय असतं हातात?”

चष्मेवाला जरा ओशाळला. खिशात हात घालून त्याने भिंग काढले. दांडी केव्हाच मोडलेली, तिथे चिंधी गुंडाळलेली. काचेवरचे चरे बघायला आणि पात्यांवरचे शिक्के बघायला तो तेच वापरी.

“ठेवून जा,” मुठीवाले म्हणाले.

शेवटच्या रविवारी मेहुणा जेवायला आला. जेवण झाल्यावर बायकोने टेबलावर फळांच्या टोपलीतले एक पेर ठेवले. टक् असा आवाज झाला आणि शंभर वर्षांचे पाते त्या घरात पहिल्यांदा कामाला लागले. साल एकसंध उतरू लागली, लांब, पातळ, ओलसर. समोर चष्मेवाला बसला होता. त्याच्या हातात भिंग होते, भिंगाला शिसवी दांडी होती, आणि ती दांडी दोन बोटांत आणि अंगठ्यात अशी टेकली होती की ती आपल्या हातात आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हते. तो पुढे वाकून मूठ बघत होता.

पेर सोलून संपले. बायकोने त्याच्या फोडी केल्या, वाटून घेतल्या, आपल्या खाऊनही झाल्या.

“भावोजी,” मेहुणा म्हणाला, “हात अवघडला. आता ठेवू का खाली?”

“जरा थांब,” चष्मेवाला भिंगातून म्हणाला. “अगं, अजून एक पेर आण.”