गुणवंतभाऊंचा लाल शेरा

आमच्या आसेगावात कुणाच्याही मनात एखादा बेत आला की तो आधी गुणवंतभाऊंच्या वहीत चढतो आणि मग मरतो.

गुणवंतभाऊ वाशीमच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. तिथं लोकांचे प्रस्ताव यायचे आणि भाऊ त्यांच्यावर शेरे लिहायचे. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हात काही थांबला नाही. रोज सकाळी आठला ते स्टँडवरच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या बाकावर बसत. समोर लांबडी वही, तिच्यात पट्टीनं आखलेले रकाने: अनुक्रमांक, प्रस्ताव, सादर करणार, शेरा. शेरा लाल शाईत आणि तो इंग्रजीतच.

“मराठीत काहून नाही?” असं मी एकदा विचारलं. मी शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा प्रश्नाला जरा धार होती.

“मास्तर, मानसाले मराठीत ‘जमत नाई’ म्हनलं का ते भांडाले उठते,” भाऊ म्हणाले. “तेच इंग्रजीत म्हनलं का चहा पाजते.”

आणि हे खरं होतं. खुद्द सरपंचांना मी ‘अनफिजिबल’ ऐकून दोन स्पेशल सांगताना पाहिलं आहे.

या शब्दांची भाऊंनी पायरी लावली होती. बेत सुरू होऊन आठवड्यात बंद पडणार असेल तर ‘अनवर्केबल’. सुरूच होणार नसेल तर ‘अनफिजिबल’. त्यासाठी आधी माणसं सुधारायला हवी असतील तर ‘युटोपियन’. सगळ्यात वर ‘कायमेरिकल’, म्हणजे निव्वळ मृगजळ. हा शब्द त्यांनी डिक्शनरीतून हुडकून काढला होता आणि तो अजून कुणालाच दिला नव्हता. “त्या लायकीचा प्रस्ताव गावात आला नाई,” असं ते जरा खेदानंच सांगत.

मला ‘युटोपियन’ मिळाला होता. रविवारी सगळ्या गावानं तासभर टीव्ही बंद ठेवून पुस्तक वाचावं, असा माझा बेत होता. मी महिनाभर भाऊंशी बोललो नाही. त्या रविवारी माझ्याच घरी टीव्ही बंद झाला नव्हता, ही गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही.

भाऊंचं खरं गिऱ्हाईक म्हणजे सुखदेव. दोघं पहिलीपासून एका वर्गातले. सुखदेव एसटीत मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर त्याच्या डोक्यात दिवसाला दोन बेत निघत आणि दोन्ही तो भाऊंच्या बाकावर आणून टाकी.

“साहेब, शेतात रोही लय शिरून राह्यले. भोंगा लावतो अन् त्याच्यावर सरपंचाचं भाषन वाजवतो. रोही पयते.”

रोही म्हणजे आमच्याकडची नीलगाय. भाऊंनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं. “अनवर्केबल. रोही बसून आयकते. त्याले मतदान कुठं करा लागते?”

“ठीक हाय साहेब. उद्या सुधारून आनतो.”

हे सुखदेवचं ठरलेलं उत्तर. आयुष्यात त्यानं एकही बेत सुधारून आणला नाही. दुसऱ्या दिवशी नवाच घेऊन यायचा.

एकदा त्यानं सोयाबीनच्या कुटारापासून, म्हणजे भुशापासून, जेवणाच्या पत्रावळी करायचं काढलं. भाऊंनी ‘अनफिजिबल’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढच्या वर्षी कारंज्यात कुणीतरी नेमका तोच धंदा टाकला आणि आमच्याकडच्या लग्नाच्या पंगती त्याच पत्रावळीवर उठायला लागल्या. सुखदेवनं एक पत्रावळ आणली आणि भाऊंच्या वहीवर ठेवली. भाऊंनी तिच्यात भजी मागवली, सावकाश खाल्ली, बोटं पुसली.

“तत्त्वतः अनफिजिबलच हाय,” ते म्हणाले. “त्या मानसाले कोनी सांगतलं नाई म्हनून चाललं.”

हा माणूस आपली चूक कबूल करणार नाही, हे मी त्या दिवशी नक्की केलं.

दिवाळीनंतर सुखदेवला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाशीमच्या दवाखान्यात मी आणि भाऊ सुखदेवच्या बायकोसोबत, कमलवहिनींसोबत, उभे होतो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते.

“रिअलिस्टिकली सांगायचं तर बोलणं परत येईल अशी आशा ठेवू नका,” ते म्हणाले.

“म्हंजे अनफिजिबल?” भाऊंनी विचारलं.

“तसंच समजा.”

भाऊंनी आयुष्यभर हे शब्द वाटले होते. त्यांच्या पदरात पहिल्यांदाच एक पडला. त्यांनी डॉक्टरांना चहा पाजला नाही. परतीच्या गाडीत मंगरुळपीर येईपर्यंत ते तिकिटाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, “त्या डॉक्टरनं प्रस्ताव नीट वाचलाच नाई.”

त्यानंतर भाऊ हॉटेलात यायचे बंद झाले. गावातले बेत मोकाट सुटले, आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यातले दोन चक्क पार पडले. कुणी म्हणालं, भाऊंना आता गिऱ्हाईक नाही म्हणून रुसले. मीही त्यात मीठमसाला घातला. मला ‘युटोपियन’ विसरता आला नव्हता.

एका सकाळी शाळेत जाताना ते रस्त्यात दिसले. काखेत तीच वही.

“कोणाचा बेत मारायला निघालात भाऊ?”

“चाला,” एवढंच म्हणाले.

आम्ही सुखदेवच्या घरी आलो. कमलवहिनींनी न विचारता खुर्ची खाटेजवळ सरकवली, म्हणजे हे रोजचं होतं. सुखदेव उशीला टेकून पडला होता. भाऊंनी लाल पेन त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि वही उघडली. पानं भरली होती. ‘सादर करणार’च्या रकान्यात प्रत्येक ओळीला भाऊंचं स्वतःचं नाव होतं. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

भाऊ घसा खाकरून वाचायला लागले. “साहेब, प्रस्ताव असा हाय. आसेगाव ते शिरपूर जैन तारेवरचा पाळना बांधाचा. यात्रेकरूची सोय होते. पाळना ओढाले रोही जुंपाचे. रोही आयकत नसन तर सरपंचाचं भाषन लावाचं.”

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. भाऊ मात्र हसले नाहीत. कचेरीत साहेबांसमोर उभं राहावं तसे ते वही धरून वाट पाहत राहिले. “शेरा बोला साहेब.”

“रोजच पुसतात,” कमलवहिनी हळूच म्हणाल्या. “तीन महिने झाले. यायले काही बोलता येत नाई, तरी पुसतात.”

सुखदेव आढ्याकडे पाहत होता. माझी शाळेची वेळ होत आली होती, तरी मी उठलो नाही. मग त्याचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. मला वाटलं, त्याला त्रास होतोय. कमलवहिनी पाण्याचा गिलास घेऊन पुढं झाल्या, तर भाऊंनी हात आडवा धरला.

“अन,” सुखदेव म्हणाला. बराच वेळ गेला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. “अन... फि... बल.”

कमलवहिनींनी गिलास तसाच खाली ठेवला. भाऊंनी लाल पेन उचलला आणि कोऱ्या रकान्यात तो शब्द पुरा लिहिला. अक्षर त्यांचं वाटेना. डोळे भरून वाहत होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“ठीक हाय साहेब,” गुणवंतभाऊ म्हणाले. “उद्या सुधारून आनतो.”