झुलालभाऊंनी धरलेले दार

१९९२ साली, दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी, सिल्वासातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये चटईवर बसून झुलाल पाटील यांनी एक दगडी दार डोक्यावर उचलून धरले. दार कोणालाच दिसत नव्हते. १९९५ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी ते सोडले नाही.

दरम्यानच्या काळात ते मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम करत होते आणि स्वतःच्या भाकरी स्वतः थापत होते. एकदा त्यांना कावीळही झाली. दार मात्र धरलेले होते. कोणी विचारले तर ते सरळ उत्तर देत, "आत माणसं आहेत ना भो."

आतल्या माणसांपैकी एक मी.

खेळ आणला होता कर्णिक सरांनी. सर मूळचे मुंबईचे, सिल्वासाच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या मेव्हण्याने बोटीवरच्या नोकरीत असताना परदेशातून एक खोका आणला. त्यात इंग्रजी नियमांचे पुस्तक होते आणि वीस बाजूंचा एक फासा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने रानातली मोहीम सांगायची, म्हणजे पुढे नदी आहे, नदीपलीकडे राक्षस आहे, राक्षसामागे खजिना आहे. बाकीच्यांनी आपापल्या पात्रातर्फे आपण काय करतो ते सांगायचे. जमले की नाही, ते फासा ठरवणार. सरांचे एकच ब्रीद होते, "फासा पडला की पडला." दया नाही, पुन्हा टाकणे नाही.

खेळणारे आम्ही तिघे. मामलतदार कचेरीतले सावंत हे योद्धा होते. प्रत्यक्षात ते सरड्यालाही घाबरत. कर्णिकवहिनी जादूगारीण. त्यांचे मंत्र कुकरच्या शिट्ट्यांमुळे अर्धवट राहत. मी एका दैनिकाला बातम्या पाठवत असे, त्यामुळे मला चोर करण्यात आले होते.

झुलालभाऊ खेळायला आलेच नव्हते. साक्री तालुक्यातल्या आपल्या गावाहून बायको आणि मुलगी यांना सिल्वासाला आणायचे, मुलीला मराठी शाळेत घालायचे, त्यासाठी काय लागते हे विचारायला ते सरांकडे आले. त्या वेळी आम्ही एका दलदलीत अडकलो होतो. सर म्हणाले, "बसा, एवढं उरकू द्या." झुलालभाऊ दाराजवळ बसले. पाचेक मिनिटे त्यांनी ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "सर, दोर असंल तर मी बाहेरून ओढतो यांना."

असा आमच्या पक्षात, म्हणजे मोहिमेवरच्या टोळीत, चौथा माणूस आला.

सरांनी त्यांना विचारले, "तुम्ही कोण होणार? योद्धा, जादूगार, चोर, पुजारी?"

"ऑपरेटर."

"तिथे ऑपरेटर नसतो, पाटील."

"मग चालवतं कोण सगळं?"

यावर नियमांच्या पुस्तकात काही नव्हते. पात्राला वेगळे नाव घ्यायचे असते, हेही त्यांना पटले नाही. आमच्यात सावंत हे वीरभद्र होते आणि वहिनी मायावती. झुलाल पाटील हे झुलाल पाटील राहिले. तलवार त्यांनी नाकारली. पहार, दोर, पाण्याची बाटली आणि तंबाखूची डबी एवढे सामान घेऊन ते अद्भुत रानात शिरले.

रानही त्यांनी लगेच ओळखले. सर सांगत, "घनदाट अरण्य. उंच वृक्ष. पायाखाली मोठमोठी वाळलेली पानं."

"साग आहे. रांधा गावाच्या पुढं निघालो आपण."

"डोंगराखाली बुटक्यांचं शहर आहे. धूर निघतोय. रात्रंदिवस हातोड्यांचा आवाज."

"मसाट."

पहिल्या मोहिमेतच अडचण उभी राहिली. रविवार असला तरी दुपारची पाळी लागली की झुलालभाऊ अडीचला उठत. खेळणारा उठून गेला तर त्याचे पात्र इतरांबरोबर चालत राहते, असा नियम होता. झुलालभाऊंना तो मान्य नव्हता. "मी मसाटला, आणि तिकडं माझ्या नावानं कोण फिरणार?" त्यामुळे पुढच्या सुट्टीपर्यंत आमचा पक्ष एका राक्षसाच्या गुहेबाहेर थांबून राहिला. सावंत मालवणीत चिडले. "अहो, राक्षस काय तुमची वाट बघत बसतलो?" राक्षस बसला. सरांनी तशी व्यवस्था केली.

लढाईत त्यांचा उपयोग नव्हता. पुलावर एक पिशाच आडवे आले तेव्हा आम्ही फासा काढला, तर यांनी पिशाचालाच विचारले, "भाऊ, तुमची ड्यूटी किती ते किती?" सरांनी पिशाचातर्फे थोडा विचार करून सांगितले, सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत. "मग आत्ता दुपार आहे. तुम्ही ओव्हरटाइम करून राहिले. जा, पडा थोडं." पिशाच बाजूला झाले. सावंतांनी तलवार म्यान केली आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

मुलीच्या प्रवेशाचा विषय प्रत्येक मेमध्ये निघे. "या जूनला आणतो," असे झुलालभाऊ म्हणत. गावाकडे त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. म्हातारा गाव सोडायला तयार नव्हता, आणि त्याला सोडून सिंधूबाईंना, म्हणजे झुलालभाऊंच्या पत्नीला, निघता येत नव्हते. जून येई आणि जाई.

आता दाराविषयी.

त्या रविवारी आम्ही खजिन्याच्या डोंगराशी पोहोचलो होतो. डोंगराच्या पोटात दालन होते आणि दालनाला वरून खाली पडणारे दगडी दार. उचलले की उघडायचे, सोडले की बंद. एकाने ते धरून बाहेर थांबणे भाग होते.

"तुम्ही आरामशीर जा," झुलालभाऊ म्हणाले. "मी धरतो."

सावंत म्हणाले, "पहार आहे ना तुमच्याकडे? पहार लावा टेकू."

"पहार लागंल. पण पहारीला कळतं का, आत माणूस आहे म्हणून?"

आम्ही तिघे आत गेलो. समोर अंधारात एक पेटी दिसली. तेवढ्यात फासा वाईट पडला, मशाल विझली, आणि वहिनींकडे पाहुणे आले. खेळ तिथे थांबला. त्याच आठवड्यात कर्णिक सरांच्या हातात दमणला बदलीची ऑर्डर पडली. क्वार्टर रिकामे झाले. खोका दमणला गेला. सावंत आणि मी मोहीम विसरलो.

पुढच्या महिन्यात झुलालभाऊ बसस्टँडवर भेटले. त्यांनी विचारले, "आत काय चालू आहे?"

मला आधी कळले नाही. कळल्यावर मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांच्या कारखान्यात नियम असा होता: पुढच्या पाळीचा माणूस येऊन मशीनसमोर उभा राहिल्याशिवाय आधीच्याने हलायचे नाही. येणाऱ्याला रिलिव्हर म्हणत. रिलिव्हर आला नाही तर दुसरी पाळीही त्यानेच करायची. झुलालभाऊंनी असे अनेकदा केले होते आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच, की दाराला आपला रिलिव्हर आलेला नाही.

सावंत समजूत काढायला गेले. "झुलालभाऊ, सोडा मरे ता दार. खेळ संपलो."

"सावंतसाहेब, तुम्ही आतमध्ये आहात. बाहेरची गोष्ट तुम्ही कशी सांगता?"

कारखान्यात नव्याने आलेल्या दोन तरुण इंजिनियरांकडेही तसाच खेळ होता. त्यांनी झुलालभाऊंची कीर्ती ऐकून त्यांना मोठ्या मानाने बोलावले. झुलालभाऊंनी नम्रपणे नकार दिला. "मी मोकळा नाही साहेब. हात गुंतलेत." नंतर त्या मुलांनी माझ्याकडे चौकशी केली, पाटलांचे घरी काही अडले आहे का. मी सांगितले, दाराशी अडले आहे.

काविळीत ते सरकारी दवाखान्यात होते. खोलीवर बघणारे कोणी नव्हते, म्हणून सावंत उसाचा रस घेऊन रोज जात. मीही एकदा गेलो. सावंत म्हणाले, "आता तरी सोडलात की नाय?"

झुलालभाऊंनी मान हलवली. "सलाईन डाव्या हाताला आहे. उजव्यानं धरलंय."

सावंत बाहेर आले, आणि त्यानंतर त्यांनी दाराची थट्टा केली नाही.

१९९५ च्या फेब्रुवारीत झुलालभाऊंचे वडील गेले. शेताकडे बघायला कोणी नव्हते. मुलगी तोवर गावच्या शाळेत सातवीला पोहोचली होती. झुलालभाऊंनी राजीनामा दिला. सामान आवरायला सिंधूबाई आल्या. सिल्वासाला त्या पहिल्यांदाच येत होत्या.

निघायच्या आधी झुलालभाऊ मामलतदार कचेरीत सावंतांकडे आले. मी तिथेच होतो. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मला जायचंय. माणूस द्या."

सावंतांनी हिशेब करून पाहिला. ते स्वतः आत. मी आत. वहिनी आत. कर्णिक सर खेळ चालवणारे, म्हणजे त्या रानात ते कुठेच नाहीत. बाहेर माणूस नव्हता. सावंतांनी दमणला शाळेत फोन लावला. मला ऐकू आलेले त्यांचे वाक्य असे: "सर, पाटलांची अडचण आहे. तुम्ही आणि वहिनींनी यायलाच हवं."

कर्णिक पतिपत्नी रविवारी आले. सोबत खोका होता. झुलालभाऊंच्या मसाटच्या खोलीत सामान बांधून ठेवलेले होते, भिंतीवरच्या खिळ्यांना काही नव्हते. आम्ही जमिनीवर बसलो. सिंधूबाई कोपऱ्यात एका गोधडीला दोरी बांधत होत्या.

सरांनी परिस्थिती सांगितली. तिघे दालनात. मशाल विझलेली. पेटी समोर. दार उघडे.

"म्हणजे आम्ही बाहेर येतो," सावंत म्हणाले. "झालं."

"अंधार आहे. फासा टाका."

सावंतांना दोन पडले. ते भिंतीवर आदळले. मला चार पडले, मला दिशा कळली नाही. वहिनींना एक पडला. सावंतांनी सरांकडे पाहिले. सर खाली मान घालून म्हणाले, "फासा पडला की पडला."

"मी येतो आत," झुलालभाऊ म्हणाले. मग थांबले. "पण हे कोणी धरावं?"

सिंधूबाईंनी दोरीची गाठ मारली आणि नवऱ्याला त्यांच्या अहिराणी बोलीत विचारले, "काय शे ते?"

"दार शे."

"जड शे का?"

"शे."

"मंग बोलू नका. द्या इकडे."

सर गोंधळले. नियमाप्रमाणे त्यांनी विचारले, बाई, तुमच्या पात्राचे नाव काय? "सिंधूबाई झुलाल पाटील." काम? "शेती." शस्त्र? "विळा घरी राहिला." सरांनी मान्य केले.

झुलालभाऊंनी त्यांना नीट दाखवून दिले. पाय इतके लांब. पाठ सरळ. भार खांद्यावर घे, मनगटावर नको. सिंधूबाई उठून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. झुलालभाऊंनी हळूहळू आपले हात काढून घेतले, आणि आत गेले.

त्यांना अकरा पडले. सर म्हणाले, तेवढे पुरे.

"उजवा हात भिंतीला लावतो," झुलालभाऊ सांगू लागले. "सावंतसाहेब, बोलत राहा. गप्प नका बसू, मला ऐकू आलं पाहिजे."

"काय बोलू?"

"काहीपण बोला. शिव्या द्या."

सावंतांनी बदल्या करणाऱ्या खात्याला मालवणीत शिव्या दिल्या. झुलालभाऊ आवाजावर गेले. सावंत सापडले. मग वहिनी. मग मी. प्रत्येकाने पुढच्याच्या सदऱ्याचे टोक धरायचे होते. दार तिथून किती लांब होते, हे सरांनी सांगितले नाही आणि झुलालभाऊंनी विचारले नाही. ते डोळे मिटून बोलत होते. मध्येच सावंतांना आठवले.

"आणि पेटी?"

"पेटी राहू द्या. चला."

आम्ही उजेडात आलो. झुलालभाऊ सगळ्यांत शेवटी. सर म्हणाले, "चौघेही बाहेर आहेत. आता सोडायला हरकत नाही."

सिंधूबाईंनी सरांचे ऐकले नाही. त्यांनी नवऱ्याला विचारले, "आत कोणी नाही ना?"

झुलालभाऊंनी डोळे उघडून एकेकाकडे पाहिले. आधी वहिनींकडे, मग माझ्याकडे, मग सावंतांकडे.

"कोणी नाही."

तेव्हा सिंधूबाईंनी हात खाली घेतले. इतका वेळ ते दोन्ही हात डोक्यावर होते आणि बांगड्या कोपरापर्यंत उतरल्या होत्या, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. झुलालभाऊंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

कर्णिक सरांनी दार बंद झाल्याचे जाहीर केले.