बिंबलवर्थांचा डबा

एका जंगलात साळिंदरांचं एक घर होतं. घर म्हणजे बीळच, पण दारात सडा, सड्यावर रांगोळी, शेजारी तुळस, सगळं जिथल्या तिथे. त्या घराचं आडनाव होतं बिंबलवर्थ.

हसू नका, मुलांनो. दुसऱ्याच्या आडनावाला हसलं की आपल्याला तसलंच सासर मिळतं.

त्या जंगलात आडनावं तशी सरळ असत. कोल्ह्याचं कोल्हे, लांडग्याचं लांडगे, मोराचं मोरे. तोंड पाहिलं की आडनाव कळायचं. सिंहमहाराजांना आडनावच नव्हतं, कारण त्यांना ते कुणी विचारत नसे. अशा जंगलात हे एकच घर इंग्रजी आडनावाचं. ते आलं कुठून, कुणालाच ठाऊक नव्हतं. देव्हाऱ्यात पत्र्याचा एक जुना डबा होता. आडनाव म्हणे त्या डब्याबरोबर आलं. घरातल्या सूनबाईंना, काटेश्वरीबाईंना, त्यांच्या सासूबाईंनी जाताना एवढंच सांगितलं होतं, "डबा घासायचा नाही, पुसायचा नाही. हळदकुंकू वाहायचं आणि जास्त विचारायचं नाही."

काटेश्वरीबाईंनी विचारलं नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा बिंबलवर्थ म्हणताना त्यांची जीभ दोनदा दाताखाली यायची. मग त्यांनी नेम धरला. रोज सकाळी तुळशीपुढे उभं राहून एकशे आठ वेळा आडनाव म्हणायचं. महिन्याभरात जीभ वळली. शेजारच्या घोरपडेवहिनींना वाटलं, बाई नवीनच देवाचा जप करतायत. त्यांनीही चार दिवस करून पाहिला.

आता साळिंदरांची एक रीत सांगायला हवी. घरातल्या प्रत्येकाने आपल्या अंगचा एक काटा दाराशी मातीत रोवायचा. जितके काटे, तितकी माणसं. मुलीचं लग्न ठरलं की आईने तिचा काटा स्वतःच्या हाताने उपटायचा, त्याला हळद लावायची आणि मुलीच्या ओटीत घालायचा. तो काटा मग सासरच्या दारात रोवला जाई, आणि मुलगी माहेरच्या मोजणीतून जाई.

काटेश्वरीबाईंना चार लेकी. चार वर्षांत त्यांनी चार काटे उपटले. दाराशी उरले तीन. एक मामंजींचा, एक यजमानांचा म्हणजे दगडोजीरावांचा, आणि एक त्यांचा स्वतःचा. तिन्ही काटे पिकलेले.

असं सगळं ठीक चाललेलं असताना सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. पाणवठ्यावर फार भांडणं होतात, म्हणून जंगलात आडनाव-मोजणी होईल. प्रत्येक आडनावाला पाणी प्यायची वेळ ठरवून मिळेल. ज्या आडनावाची पाचसुद्धा डोकी भरणार नाहीत, ते आडनाव रद्द. त्या मंडळींनी यापुढे आपलं आडनाव 'इतर' असं लिहावं, दाराची खूण काढून टाकावी आणि म्हशी डुंबून गेल्यावर पाणी प्यावं.

दगडोजीराव घरी आले आणि पाय पसरून बसले.

"संपलं आपलं," ते म्हणाले. "मुलगा असता तर ही वेळ आली नसती."

"एक मुलगा असता तरी चारच झाले असते," कोपऱ्यातून मामंजी म्हणाले. त्यांना दिसत कमी होतं, पण हिशोब पक्का होता.

काटेश्वरीबाईंनी कंद सोलायला घेतले. गढूळ पाण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. गाळून घेतलं असतं. पण दाराची खूण गेली तर थोरली सणाला कुणाच्या दारात येणार? धाकटीच्या बाळाने विचारलं, तुझं माहेर कोणतं, तर ती काय 'इतर' म्हणणार? महिनाभर जीभ चावून शिकलेलं आडनाव त्यांना स्वतःसाठी नको होतं. लेकींना मागे वळून बघायला एक दार हवं होतं.

मोजणीला अकरा आठवडे होते. काटेश्वरीबाईंनी अकरा गुरुवार धरले. दिवसभर निर्जळी उपास, संध्याकाळी डब्याला हळदकुंकू, कंदाचा नैवेद्य, आणि डब्याला एकच मागणं, "आमचं दार राहू दे."

तिसऱ्या गुरुवारी जंगलात डॉक्टर शुभ्रकांत बगळे आले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. ते एका पायावर उभे राहून आडनावांचा अभ्यास करत. त्यांनी दारातले तीन काटे पाहिले, डोळे मिटले आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. दगडोजीरावांना वाटलं, झोपले.

"अत्यंत दुर्मीळ," बगळे एकदम म्हणाले. "बिंबल म्हणजे काटेरी कुंपण. वर्थ म्हणजे वाडी. साहेबाच्या देशात उत्तरेकडे काटेरी कुंपणाची एक वाडी होती. तिथले जहागीरदार ते बिंबलवर्थ. आज साहेबाच्या देशात सतरा उरलेत, एक बोटीवर असतो, आणि तीन आपल्याकडे."

"मग आम्ही इथे कसे आलो?" दगडोजीरावांनी विचारलं.

"पोहत," बगळे म्हणाले.

काटेश्वरीबाईंनी भीत भीत विचारलं, "डॉक्टर, देव्हाऱ्यातला डबा बघता का? आडनाव त्याच्याबरोबर आलंय म्हणतात."

"वस्तू पाहून मी मत बनवत नाही," बगळे म्हणाले. "मत आधी बनतं."

मामंजी कोपऱ्यातून काहीतरी पुटपुटले. पण दगडोजीराव तेव्हा आपले काटे फुलवून जहागीरदार कसा उभा राहत असेल ते करून बघत होते, त्यामुळे कुणी ऐकलं नाही.

बातमी जंगलभर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोल्हा दारात उभा. अदबीने म्हणाला, "काकू, आमची आजी म्हणायची, आम्ही मुळात कोल्हे नव्हे." त्याच्या तोंडात रानात सापडलेला साळिंदराचा काटा होता. तो त्याने दाराशी रोवला आणि कोल्हेचा बिंबलवर्थ झाला. त्याच्यामागून मुंगसं आली. मग वटवाघळं. त्यांनी काटे उलटे रोवले. ससे तर सगळ्या गोतावळ्यासकट आले. घोरपडेवहिनी आल्या तेव्हा जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी आपला काटा तुळशीच्या आळ्यात रोवला.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?" काटेश्वरीबाई म्हणाल्या.

"अहो, मी तर तुमच्या आधीपासून तो जप करते," घोरपडेवहिनी म्हणाल्या.

आठव्या गुरुवारी सरकारी कारकून, भाऊसाहेब टिटवे, कच्ची मोजणी करायला आले. त्यांनी दाराशी बसून काटे मोजले. चारशे बारा. वहीत लिहिलं, 'बिंबलवर्थ : चारशे बारा. वाढ समाधानकारक.' कुणाचा काटा कुणाच्या अंगचा, हे त्यांनी विचारलं नाही. नियमात तसं विचारायला सांगितलेलं नव्हतं.

दगडोजीराव आता पाणवठ्यावर सगळ्यात आधी जात आणि सगळ्यात शेवटी परत येत. काटेश्वरीबाईंना मात्र दारातली रांगोळी दिसेनाशी झाली होती. काट्यांच्या गर्दीतून त्या रोज आपले तीन काटे शोधून त्यांना हळद लावत. तरी मनात म्हणत, डबा पावला. आता उद्यापन थाटात करायचं.

अकरावा गुरुवार उजाडला. पक्की मोजणी त्याच दिवशी दुपारी होती. काटेश्वरीबाईंनी उद्यापनाला सगळ्या बिंबलवर्थांना बोलावलं. पाच सवाष्णी जेवायला सांगितल्या. पाहुणे चारशेच्या घरात, अध्यक्ष डॉक्टर बगळे. आणि देव्हाऱ्यात डबा कसा? सात पिढ्यांच्या हळदीकुंकवाने ढेकूळ झालेला. काटेश्वरीबाईंना बरं वाटेना. त्यांनी मनातल्या मनात सासूबाईंची क्षमा मागितली, चिंच भिजवली आणि डबा घासायला घेतला.

हळद गेली. कुंकू गेलं. खालून एक संत्रं निघालं. रंगीत, पानासकट. मग संत्र्याखाली अक्षरं निघाली.

काटेश्वरीबाईंचा आनंद मावेना. डब्याने दर्शन दिलं होतं. त्यांनी डबा पदराने पुसला आणि सगळ्यांदेखत बगळ्यांपुढे धरला. "डॉक्टर, वाचा ना. पूर्वजांनी काय लिहून ठेवलंय ते सगळ्यांना कळू दे."

बगळ्यांना इंग्रजी येत होतं, हेच चुकलं. ते मोठ्याने वाचून गेले, "बिंबलवर्थ आणि मंडळी. संत्र्याचा मुरंबा. झाकण उघडल्यावर आठ दिवसांत संपवावा."

 बगळ्यांनी पाय बदलला.

"हां, तेच," मामंजी कोपऱ्यातून म्हणाले. "आमचे खापरपणजोबा. साहेबाचा तंबू उठला तेव्हा मागे डबा राहिला. खापरपणजोबांनी मुरंबा चाटायला तोंड घातलं ते अडकलं. चार महिने डबा डोक्यात घालून फिरले. जो तो डब्यावरचं नाव बघून हाक मारायचा."

"तुम्हाला ठाऊक होतं?" दगडोजीराव म्हणाले.

"तीन वेळा सांगितलं. तू काटे फुलवत होतास."

पहिला आलेला कोल्हा खोकला. मग त्याने दाराशी जाऊन आपला काटा हळूच उपटला. "आमची आजी म्हातारपणी काहीही बोलायची," तो म्हणाला. मुंगसांना घरी काम निघालं. ससे गेले ते पंगतीतली गाजरं घेऊन गेले. वटवाघळांना काटे उपटायची घाई एवढी, की त्यांनी ते सरळ उपटले. डॉक्टर बगळे उडता उडता म्हणाले की हे त्यांच्या मताला पूरकच आहे, मुरंब्याचा कारखाना बहुधा जहागीरदारांचाच असावा.

दुपार झाली. दाराशी तीन काटे उरले, आणि बाकी नुसती भोकं.

दगडोजीराव बिळात तोंड घालून बसले. काटेश्वरीबाईंनी डब्याकडे पाहिलं. घासलेला डबा लखलखत होता. त्यांना वाटलं, आपणच घासला. सासूबाई सांगत होत्या. पण उद्यापन अर्धवट टाकायचं नसतं. त्यांनी डोळे पुसले आणि पानं मांडली.

तेवढ्यात उद्यापनाच्या जेवणाला लेकी आल्या. चौघी चार वाटांनी, अंगावर धूळ. इथे काय घडलं ते त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. थोरलीने दारातली भोकं पाहिली आणि विचारलं, "आई, घूस लागलीय का?"

काटेश्वरीबाईंनी सगळं सांगितलं. मुरंब्यापर्यंत आल्या आणि रडायला लागल्या. चौघी लेकी आधी गंभीर होत्या. मग धाकटी फिसकन हसली. मग चौघी हसल्या. खापरपणजोबा डबा घालून लग्नाला गेले असतील का, यावर त्यांचा वाद झाला.

"हसताय काय गं," काटेश्वरीबाई म्हणाल्या. "लाज नाही वाटत? मुरंब्याचं माहेर आपलं."

"जहागिरीपेक्षा बरं," धाकटी म्हणाली. "निदान कुणीतरी काहीतरी चाटलं." तिने पाठीचा एक काटा ओढून काढला आणि दाराशी रोवला.

"अगं, असं नसतं. तुझा काटा सासरी आहे."

"आई, माझ्या अंगावर काटे किती आहेत?"

"असतील हजार."

"मग दारात एकच रोवायचा, असं कुणी ठरवलं? तो तिथे आहे तो राहू दे. हा इथला."

काटेश्वरीबाईंनी मान वळवून आपल्याच पाठीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या स्वतःच्या अंगावर हजार काटे घेऊन हिंडत होत्या आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. थोरलीने रोवला. मधल्या दोघींनी रोवले.

भाऊसाहेब टिटवे वही घेऊन आले ते नेमके तेव्हाच. त्यांनी सात काटे पाहिले, चार लेकी पाहिल्या आणि मान हलवली. "हे चालायचं नाही. लेकी दुसऱ्या आडनावाच्या. इथे मोजता येत नाहीत."

दगडोजीराव बिळातून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

काटेश्वरीबाई आयुष्यात कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. त्यांनी भाऊसाहेबांना पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला आणि मऊ आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, तीन आठवड्यांपूर्वी कोल्ह्याने रोवलेला काटा चालला होता ना?"

"चालला होता."

"वटवाघळाचा, तोही उलटा?"

"नियमात फक्त दारातले काटे मोजा एवढंच आहे."

"मग मोजा की. हे तर ज्याचे त्याच्याच अंगचे आहेत."

भाऊसाहेबांनी नियम वर-खाली वाचला. मग वर-खाली दारातले काटे पाहिले. आतून नैवेद्याचा वासही येत होता. त्यांनी चारशे बाराचा आकडा खोडला आणि लिहिलं, 'बिंबलवर्थ : सात. घट, पण खरी.'

उद्यापनाला पाच सवाष्णी हव्यात, आणि लेकी चारच. तेवढ्यात तुळशीच्या आळ्यामागून घोरपडेवहिनी निघाल्या. त्या गेल्याच नव्हत्या. काटा घट्ट बसल्यामुळे निघत नव्हता, असं त्यांनी सांगितलं. पाचवं पान त्यांना वाढलं. जेवताना त्यांनी विचारलं, मुरंबा साखरेचा असतो की गुळाचा.

संध्याकाळी काटेश्वरीबाईंनी डबा परत देव्हाऱ्यात ठेवला. हळदकुंकू वाहिलं, पण संत्र्यावर नाही, बाजूला. मग खूप वर्षांपूर्वी सोडलेल्या आपल्या माहेराची त्यांना आठवण झाली. कार्तिकात जाऊन यावं, त्यांनी ठरवलं. जाताना एक काटा न्यायचा.

पाणवठ्यावर दगडोजीराव त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतात, "शेवटी घराण्याचं नाव आम्ही राखलं." लोक मान डोलावतात. काटेश्वरीबाईही डोलावतात. त्यांना जसा डबा पावला, तसा तुम्हा-आम्हाला आपापला पावो. आणि आठ दिवसांत संपो.

तात्पर्य : घराण्याचं नाव पुढे चालवायला मुलगाच लागतो. तो नसेल, तर एक रिकामा डबा आणि चार लेकी यांच्यावर भागवून घ्यावं.