दारावरची थाप

रोलंड पार्जिटर क्लबात बोलायला उभा राहिला की लोक आधी आपापले ग्लास भरून आणत, कारण मध्येच कुणी उठलेलं त्याला खपत नसे. इंग्लंडमधल्या वॉल्सॉल गावच्या त्या कामगार क्लबात दर गुरुवारी सत्तरच्या दशकातल्या गिटारवादनाची बैठक भरायची. आपली आवडती तबकडी आणायची, वाजवायची आणि इतरांच्या शिव्या खायच्या, असा शिरस्ता होता. बैठक सगळ्यांची असली तरी शेवटचा शब्द रोलंडचा.

"बाकीचे गिटार वाजवतात," तो म्हणायचा. "लेनी स्टोक्स मागणं मागतो! ती मधली जागा आठवा. तीच सुरावट, परत तीच, परत तीच. देवाच्या दारावर थाप मारतोय बाबा! आणि मग एक बारीकशी घंटा. किण्ण! दार उघडलं! मग गिटार जी उडी घेते ना... अरे, रडू येतं मला."

आणि खरंच यायचं. लेनी स्टोक्स हा गावचाच पोरगा. त्याच्या 'कोल्ड चिमनी' बँडची तबकडी रोलंडने निघाल्या दिवशीच सायकलवर जाऊन आणली होती. ती झिजू नये म्हणून एकदाच वाजवली, स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट भरली आणि तबकडी कपाटात ठेवून दिली. कॅसेट भरत असताना शेजारच्या कुत्र्याने भुंकू नये म्हणून तो स्वतः परसात बिस्किटं घेऊन उभा होता. तेव्हापासून त्याने ऐकली ती कॅसेट, आणि वाजवायला शिकला तेही कॅसेटवरूनच.

या थापेपायी त्याने डेस ट्रँटरशी वाकडं घेतलं होतं. डेस त्याचा शाळेपासूनचा दोस्त, दोघांचा बँडही एकच. एका लग्नात डेसने ते गाणं वाजवलं आणि थाप गाळली.

"माझ्या तबकडीत नाहीये रे असलं काही," डेस म्हणाला होता.

"तुझी प्रत स्वस्तातली असेल. कापलेली!"

"गाणं म्हणजे काय पाव आहे का, कापायला?"

"तुला ऐकूच येत नाही, डेस. तुझे कान म्हणजे नुसते चष्मा अडकवायला आहेत."

हे रोलंडने वधूवरांसमोर, माईकवरून म्हटलं. डेस गिटार पेटीत घालून निघून गेला, तो पुन्हा कधी बँडमध्ये आला नाही. क्लबात यायचा, पण कोपऱ्यात रोलंडकडे पाठ करून बसायचा. पुढे मोबाइलवर सगळी गाणी मिळायला लागली, तेव्हा तिथेही कंपनीने कापलेलंच टाकलंय, असं रोलंडने जाहीर करून टाकलं. वाद घालण्यापेक्षा बिअर गार असताना प्यावी, असं इतरांनी ठरवलं.

अशात क्लबाच्या वाढदिवसाला लेनी स्टोक्स स्वतः येणार असल्याची बातमी आली, आणि त्याच्यासमोर ते गाणं वाजवण्याचा मान अर्थातच रोलंडला मिळाला. तालमींना ऊत आला. घंटेसाठी लोखंडी त्रिकोण आणला आणि तो वाजवायची कामगिरी क्लबाच्या चिटणिसाला, हॅरॉल्डला दिली.

"घंटा झाल्याशिवाय मी उडी घेणार नाही," रोलंडने त्याला बजावलं. "सगळं तुझ्या हातात आहे."

"मग मला कशाला दिलंस?" हॅरॉल्ड घाबरून म्हणाला.

निघताना रोलंडची बायको ग्वेन चाचरत म्हणाली, "रोली, त्या घंटेबद्दल जरा बोलायचं होतं. खूप दिवस बोलेन बोलेन म्हणतेय."

"आता नको गं! माझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे."

"म्हणूनच तर म्हणते."

पण तो कॅसेट आणि जुना टेप पिशवीत भरत होता. कॅसेटवर स्टोक्सची सही घ्यायची होती.

क्लब खचाखच भरला होता. पहिल्या रांगेत ग्वेनच्या शेजारी लेनी स्टोक्स, आता टक्कल पडलेला, गुडघ्यावर काठी. रोलंडने सुरुवात झकास केली. मधली जागा आली, त्याने डोळे मिटले आणि थाप सुरू केली. तीच सुरावट, परत तीच, परत तीच.

घंटा काही होईना. हॅरॉल्डच्या हातात त्रिकोण होता. तो वाजवायची कांडी मात्र बारवर, सँडविचच्या ताटात राहिली होती. तो हातवारे करून रोलंडला सांगत होता, पण रोलंडचे डोळे देवाच्या दाराशी. घंटेशिवाय उडी नाही! मागचे वादक आज्ञाधारक, तेही त्याच्याबरोबर थापा मारत राहिले. लोक आधी डोलले, मग थांबले, मग एकमेकांकडे पाहू लागले.

"पिन अडकली वाटतं म्हाताऱ्याची," कुणीतरी म्हणालं.

"अगं बाई, झटका आलाय त्याला! असंच होतं, माझ्या दिराला झालं होतं," एक आजी ओरडल्या. प्रथमोपचारवाला पेटी घेऊन धावला, त्याच्या पायात वायर आली आणि अर्धे दिवे गेले. रोलंड अंधारातही थाप मारत होता. त्याला आता घाम फुटला होता, पण थांबावं कसं हेच त्याला कळेना. या जागेतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता त्याला ठाऊकच नव्हता.

तेव्हा कोपऱ्यातून डेस उठला. शांतपणे मंचावर चढला आणि रोलंडच्या पाठीत सणसणीत थाप घातली. रोलंडने टुणकन उडी घेतली, गिटारनेही घेतली आणि गाणं सुखरूप संपलं. सुटकेच्या आनंदाने लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दिवे आल्यावर स्टोक्स म्हणाला, "चांगलं वाजवलंस गड्या. फक्त ते मधलं काय होतं?"

"ती... थाप, साहेब. तुमचीच."

"माझी? अरे, रेकॉर्डिंगच्या दिवशी मला घरी जायची घाई होती. तेच तेच कशाला वाजवत बसेन मी?"

रोलंडचा चेहरा उतरला, पण विश्वास तसाच होता. "साहेब विसरले असतील!" असं म्हणत त्याने टेप काढला आणि क्लबाच्या मोठ्या स्पीकरला जोडला.

सगळा क्लब ऐकू लागला. तीच सुरावट, परत तीच, परत तीच, आणि दर खेपेला बारीकसं 'खट्'. मग किण्ण! घरच्या चिमुकल्या टेपवर जे कधी ऐकू आलं नव्हतं, ते मोठ्या स्पीकरमधून लख्ख ऐकू आलं. एक कुत्रं भुंकलं आणि किण्णच्या मागोमाग एका तरुण बाईचा आवाज आला, "रोली, चहा!"

क्लब हसून हसून टेबलांवर पालथा पडला. स्टोक्सने तर काठी टाकली.

"तबकडी आणताना सायकलवरून पडला होतास ना," ग्वेन हळूच म्हणाली. "चरा पडला होता तिला. मी शेजारी चहाचा ट्रे ठेवला, कप किणकिणले आणि धक्क्याने सुई पुढे गेली. तू इतका खूश होतास, मला वाटलं उद्या सांगू. उद्या उठून पाहते तर तू अर्ध्या गावाला सांगून आला होतास."

रोलंडला कान तापल्याचं जाणवलं. लोक हसले याची लाज होतीच, पण ती काही फार नव्हती. खरी लाज त्या लग्नाची होती. तो माईक, आणि गिटार पेटीत घालणारे डेसचे हात. देवाच्या दारावर म्हणून इतकी वर्षं थाप मारली, ती निव्वळ थापच निघाली, आणि तिच्यापायी खरं बोलणारा एकुलता एक दोस्त त्याने सगळ्यांदेखत बाहेर काढला होता. असं तोंड घेऊन कुठे जावं, त्याला समजेना. शेवटी तो कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

डेसने मान वर केली नाही.

"चुकलो रे डेस," रोलंड म्हणाला. "तुझी तबकडी बरोबर होती. तुझे कानही. चुकलो मी."

डेसने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चुकलो रे. चुकलो." त्याला पुढचं काही सुचेना. "चुकलो डेस, चुकलो..."

तेवढ्यात ग्वेन दोघांसाठी चहाचा ट्रे घेऊन आली आणि टेबलावर ठेवायला वाकली.

डेसने पटकन तिचा हात धरला. डोळे पुसत म्हणाला, "थांब ग्वेन, एवढ्यात ठेवू नकोस. चालू दे जरा."